चित्राच्या यंत्रात आवाजाला किती जागा? घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरचे परीक्षण

आमच्या सांगलीच्या घरात एका लोखंडी कपाटात ६३ व्हीएचएस कॅसेटी, मामांकडून आलेल्या ११ मिनी डीव्ही (डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या) कॅसेटी आणि शंभराच्या आसपास साध्या ऑडिओ कॅसेटी आहेत. त्यांत लग्ने आणि मुंजी आहेतच, पण त्याहून मोलाचे म्हणजे गल्लीच्या गणेशोत्सवातील नाट्यगीतांचे कार्यक्रम, देवळातील कीर्तने, आजीने सांगितलेली मंगळागौरीची गाणी आणि कोकणात मामांनी टिपलेले दशावताराचे खेळ आहेत. या चित्रीकरणांत चित्र बऱ्याचदा हललेले आणि अंधुक आहे. जपायचा आहे तो आवाज. म्हणून दीड वर्षापूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १६० जीबी हार्ड डिस्क असलेला एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर घेतला तेव्हा चित्र किती स्वच्छ येते यापेक्षा हे यंत्र आवाजाला कसे वागवते, हाच प्रश्न मनात होता. या यंत्रांविषयी लिहिताना बहुतेक जण चित्रावर थांबतात. मी मुद्दाम आवाजापुरते लिहितो आहे. यंत्राच्या कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक मर्यादा एका कंपनीच्या नसून या जातीच्या जवळजवळ सर्वच यंत्रांच्या आहेत.

पायोनियरने डिसेंबर १९९९ मध्ये जपानमध्ये डीव्हीआर-१००० हा पहिला घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर आणला. पुढच्या दहा वर्षांत ही यंत्रे व्हीसीआरची जागा घेत गेली आणि नंतर तितक्याच वेगाने दुकानांतून नाहीशी झाली. आज ती वापरलेल्या वस्तूंच्या बाजारातच मिळतात. तेथे एक खबरदारी अवश्य घ्यावी: थेट जपानहून आलेले यंत्र १०० व्होल्टवर चालणारे आणि एनटीएससी पद्धतीचे असते, आणि आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या आहेत (टीव्हीच्या चित्राच्या या दोन वेगळ्या पद्धती).

आता मुख्य मुद्दा. डीव्हीडीवर आवाज मुख्यतः दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला प्रकार एलपीसीएम, म्हणजे कोणतीही काटछाट न केलेला आवाज. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल), प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला १५,३६,००० बिट होतात. ऑडिओ सीडीचा हाच हिशेब ४४,१०० नमुन्यांचा, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिटचा असतो. तेव्हा कागदावर तरी डीव्हीडी रेकॉर्डरचा हा आवाज सीडीच्या वरचढ आहे. दुसरा प्रकार डॉल्बी डिजिटलचा. त्यात कानाला सहसा कळणार नाही असा भाग गाळून आवाज लहान केला जातो, आणि घरगुती रेकॉर्डरवर दोन चॅनलसाठी तो साधारणपणे सेकंदाला २५६ किंवा १९२ किलोबिटवर बसवतात. म्हणजे मूळ आवाजाचा सहावा किंवा आठवा हिस्सा तेवढा उरतो.

यंत्र हातात आल्यावर पहिल्याच दिवशी लक्षात आले की एलपीसीएमचा पर्याय फक्त एक्सपी या मोडमध्ये, म्हणजे एका डीव्हीडीवर एकच तास मावतो त्या मोडमध्ये, निवडता येतो. एसपी (दोन तास), एलपी (चार तास) किंवा ईपी (सहा किंवा आठ तास) निवडले की तो पर्याय आपोआप बंद होतो आणि डॉल्बी डिजिटल पुढे येते. सुरुवातीला हे मला कंपनीचे आडमुठे धोरण वाटले. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कारण कळले. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात. आठ तासांच्या ईपी मोडसाठी हे बिट २८,८०० सेकंदांवर वाटले तर सेकंदाला जेमतेम १३ लाख येतात, आणि त्यातच चित्रही बसवायचे असते. एलपीसीएमला एकट्यालाच सवापंधरा लाखांहून अधिक बिट लागतात. चित्र पूर्ण काढून टाकले तरी तो त्या मोडमध्ये मावणार नाही. चार तासांच्या एलपीमध्ये सेकंदाला सुमारे २६ लाख बिट हाती येतात, त्यांतले निम्म्याहून अधिक आवाजाने घेतले तर चित्राचे चौकोनी तुकडे दिसू लागतील. दोन तासांच्या एसपीमध्ये मात्र सुमारे ५२ लाख बिट असतात. तेथे एलपीसीएम देता आला असता, चित्राने थोडी झीज सोसली असती. बहुतेक कंपन्यांनी ती मुभा ग्राहकाला दिली नाही आणि चित्राच्या बाजूने कौल दिला. माझ्यासारख्या माणसाची खरी तक्रार येथे आहे. हलत्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कीर्तनाचे चित्र थोडे अधिक धूसर झालेले मला चालले असते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक खेदाची आहे. केवळ एलपीसीएम आवाज लिहिला असता तर एका डीव्हीडीवर पावणेसात तासांहून अधिक ध्वनिमुद्रण मावले असते. प्रत्यक्षात मिळतो एक तास, कारण घरगुती रेकॉर्डर चित्राशिवाय आवाज लिहीतच नाही.

डॉल्बी डिजिटलमध्ये नेमके किती गमावले जाते, हे पाहण्यासाठी मी एकच व्हीएचएस कॅसेट तीन वेळा उतरवून घेतली: एक्सपीमध्ये एलपीसीएमवर, एसपीमध्ये २५६ किलोबिटच्या डॉल्बी डिजिटलवर आणि आठ तासांच्या ईपीमध्ये. कॅसेट एका नाट्यगीतांच्या कार्यक्रमाची होती. गाण्याआधी चाळीस-पन्नास सेकंद नुसता तानपुरा वाजतो. निवेदन, गाणे आणि पेटी यांत पहिल्या दोन प्रतींमधला फरक मला कळला नाही, आणि घरातल्या कोणालाही कळला नाही. फरक कळला तो तानपुऱ्यात. खर्जाची तार छेडल्यावर जवारीमुळे जो बारीक, झिणझिणणारा स्वरांचा पदर वर उठतो आणि पुढच्या तारेत मिसळतो, तो एलपीसीएमच्या प्रतीत सलग होता. २५६ किलोबिटच्या प्रतीत तो होता, पण किंचित कोरडा. हा फरक चांगल्या हेडफोनवर, शांत खोलीत, माहीत असताना ऐकला तरच जाणवतो. आठ तासांच्या प्रतीबद्दल मात्र दुमत होण्याचे कारण नाही. टाळ्यांचा कडकडाट तेथे पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा ऐकू आला आणि झांजेच्या शेवटाला पाणी लागल्यासारखा थरथराट होता. काही कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतही आठ तासांपेक्षा सहा तासांच्या ईपीमध्ये आवाज चांगला येतो, असे लिहिलेले असते. माझ्या मते संगीतासाठी दोन्ही टाळावेत. प्रवचन किंवा घरगुती गप्पा असतील तर एसपी पुरेसा आहे.

बिटांच्या हिशेबापेक्षाही मला अधिक खुपलेली गोष्ट म्हणजे या यंत्रावर आवाजाचे मीटर नाही आणि पातळी कमी-जास्त करण्याची चकतीही नाही. जुन्या कॅसेट डेकवरसुद्धा दोन सुया हलताना दिसत. येथे लाइन इनपुटमध्ये (बाहेरचा आवाज आत घेण्याच्या खोबणीत) जे येईल ते यंत्र तसेच लिहिते. आमच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात प्रमाण पातळी ०.५ व्होल्ट आणि कमाल मर्यादा २ व्होल्ट दिलेली आहे. या दोहोंत १२ डेसिबलचे अंतर आहे. व्हीसीआरमधून येणारा आवाज प्रमाण पातळीच्या आसपासच असतो, म्हणून कॅसेट उतरवताना ही उणीव सहसा नडत नाही. थेट कार्यक्रम मुद्रित करायला गेले की ती नडते.

गेल्या रामनवमीला देवळातील कीर्तन मुद्रित करण्यासाठी मी यंत्र घेऊन गेलो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून लाइन घेतली. पूर्वरंगात बुवांचे निरूपण चालू होते तोवर टीव्हीवर ऐकताना सर्व उत्तम वाटत होते. नामगजराला झांजा, तबला, पेटी आणि दोनशे माणसांचा आवाज एकदम वर गेला, आणि उत्तररंगात आख्यान रंगत गेले तसा प्रत्येक चढत्या वाक्याला आवाज फाटू लागला. ते मला तेथे कळले नाही, घरी आल्यावर कळले. कारण सरळ आहे. व्यावसायिक मिक्सरची प्रमाण पातळीच सुमारे १.२३ व्होल्ट असते, आणि २ व्होल्टची मर्यादा तिच्यापासून केवळ चार डेसिबलवर आहे. टेपवर आवाज जास्त झाला तर तो हळूहळू जाड होत जातो. डिजिटल मुद्रणात मर्यादेवरचे सगळे सपाट कापले जाते आणि ते नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. त्या आख्यानाचा मधला पाऊण तास कायमचा खराब झाला, याचे वाईट वाटते.

त्यानंतर मी मिक्सरच्या ‘टेप आउट’ या कमी पातळीच्या खोबणीतून लाइन घेतो, आणि ती खोबणी नसेल तर साउंडवाल्याला आपल्या वाटेची पातळी दहा डेसिबलने उतरवायला सांगतो. असे केल्याने आवाज बारीक येईल अशी भीती बाळगू नये. १६ बिटच्या मुद्रणाला ९६ डेसिबलचा आवाका असतो. देवळातले पंखे आणि लोकांची कुजबुजच त्यातला मोठा भाग खाऊन टाकते, तेव्हा वरचे दहा डेसिबल रिकामे सोडल्याने हानी होत नाही. यंत्राला मायक्रोफोनची खोबणी नाही, हे ओघानेच आले. रेकॉर्ड प्लेयरही थेट जोडता येत नाही. त्यासाठी मध्ये त्याचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतो.

व्हीएचएस कॅसेटींच्या बाबतीत यंत्राला दोष देण्याआधी कॅसेटीवरचा आवाज कोणता आहे, हे पाहणे आवश्यक आहे. साध्या व्हीसीआरने आवाज फितीच्या कडेला एका अरुंद पट्टीवर लिहिलेला असतो, आणि पाल पद्धतीत ती फीत सेकंदाला केवळ २.३४ सेंटीमीटर सरकते. ऑडिओ कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते; म्हणजे आपल्या लग्नाच्या कॅसेटीवरचा आवाज साध्या ऑडिओ कॅसेटच्याही निम्म्या वेगाने लिहिलेला आहे. आजीची मंगळागौरीची गाणी अशाच कडेच्या पट्टीवर आहेत. तेथे एलपीसीएम घ्या की डॉल्बी, मुळातच नसलेले वरचे स्वर येणार नाहीत. हाय-फाय व्हीसीआरचा आवाज मात्र फिरत्या हेडने (फितीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकी भागाने) चित्राखालच्या थरात लिहिलेला असतो आणि तो आजही चकित करील इतका भरदार निघतो. एक्सपी मोडच्या डिस्क खर्ची घालायच्या त्या अशा कॅसेटींसाठी.

या हाय-फाय आवाजात कधी कधी एक घरघर येते आणि ती विजेच्या गुणगुणीसारखीच भासते. पाल व्हीसीआरचे हेडचे पिंप सेकंदाला २५ फेरे घेते, त्यावर दोन हेड असतात, म्हणून हेडची अदलाबदल सेकंदाला ५० वेळा होते, आणि आपल्या विजेचीही वारंवारता ५० हर्ट्झच आहे. दोन्हींतला भेद ओळखण्याची सोपी रीत अशी: व्हीसीआरचे ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या रेषांशी जुळवण्याचे बटण) थोडे फिरवावे. घरघर बदलली तर दोष कॅसेट आणि हेड यांच्यात आहे. बदलली नाही तर रेकॉर्डरच्या मागे लावलेली केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. आमच्याकडे ती वायर काढताच गुणगुण थांबली. उतरवणी चालू असताना ती वायर आता मी कधीच लावत नाही.

मिनी डीव्ही कॅसेटींसाठी यंत्रात स्वतंत्र डीव्ही खोबणी आहे आणि ती या यंत्राची सर्वांत चांगली बाजू आहे. चित्र आणि आवाज दोन्ही कॅमेऱ्यातून आकड्यांच्या रूपातच येतात, त्यामुळे पातळीची चिंता नाही, गुणगुण नाही. पण येथेही एक खाचखळगा आहे. डीव्ही कॅमेरा दोन प्रकारे आवाज लिहितो: १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक स्टिरिओ जोडी, किंवा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर दोन स्टिरिओ जोड्या. दुसऱ्या प्रकारात मूळ आवाज पहिल्या जोडीवर राहतो आणि नंतर भरलेला आवाज दुसऱ्या जोडीवर जातो. मामांनी दशावताराच्या खेळांवर नंतर स्वतःच्या आवाजात माहिती भरली होती: कोणता नट, कोणते गाव, आता कोणता प्रसंग येणार. रेकॉर्डरच्या मेनूत पहिली जोडी, दुसरी जोडी किंवा दोन्हींचे मिश्रण, असे तीन पर्याय असतात, आणि निवडाल तेवढेच डिस्कवर जाते. मी पहिली कॅसेट मेनू न पाहता उतरवली तेव्हा मामांचा आवाज आलाच नव्हता. कॅसेट सुरक्षित होती म्हणून निभावले. आता प्रत्येक कॅसेट दोनदा उतरवतो: एकदा नुसता खेळ, त्यातल्या मृदंग आणि झांजेसह, आणि एकदा मिश्रण. घरातली मंडळी दुसरी प्रत अधिक ऐकतात.

सभोवतालच्या ५.१ (सराउंड) आवाजाची अपेक्षा या यंत्राकडून ठेवू नये. डीव्हीडीवर तो मावतो, परंतु घरगुती रेकॉर्डरचे लाइन इनपुट दोनच तारांचे असते आणि आतील एन्कोडरही (आवाज लहान करून लिहिणारा भाग) दोनच चॅनलचा. मागे दिसणारी ऑप्टिकल खोबणी आणि एचडीएमआय ही दोन्ही बाहेर जाण्याची दारे आहेत. सेट-टॉप बॉक्सची ऑप्टिकल वायर तेथे लावून काही मुद्रित होत नाही.

हार्ड डिस्कचा उपयोग मोठा आहे. एक्सपीमध्ये साधारण ३५ तास तिच्यावर मावतात, कॅसेट थेट डीव्हीडीवर न लिहिता आधी येथे घ्यावी, नको ते कापावे आणि मग डीव्हीडीवर उतरवावे. ही उतरवणी जलद गतीने केली तर बिट जसेच्या तसे जातात. साध्या गतीने केली तर यंत्र चित्र आणि आवाज पुन्हा एकदा पिळून काढते आणि दुसऱ्या पिढीची झीज होते. म्हणून आवाजाचा प्रकार मुद्रणाआधीच ठरवावा. डॉल्बीत घेतलेला आवाज नंतर एलपीसीएममध्ये नेला तर फक्त जागा वाढते. कापताना अचूकतेची मर्यादा आहे. डीव्हीडी-व्हिडिओ पद्धतीत यंत्र चित्रांच्या गटाच्या सीमेवरच कापते, आणि पालमध्ये हा गट १५ चित्रांपर्यंत, म्हणजे ०.६ सेकंदापर्यंतचा असतो. बोलण्यात हे चालून जाते. पण गाणे समेवर संपते आणि लगेच टाळ्या सुरू होतात, तेथे समेची मात्रा वाचवायची तर टाळ्यांचा तुकडा ठेवावाच लागतो; मी तो ठेवतो. कापलेल्या दोन भागांच्या सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो, म्हणून चालू गाण्यात सांधा येऊ देऊ नये. शेवटी डिस्क फायनलाइज केल्याशिवाय, म्हणजे तिचे लेखन पूर्ण करून बंद केल्याशिवाय, काढू नये, एरवी दुसऱ्या प्लेयरवर ती उघडणार नाही. तीन तासांच्या एका कॅसेटीला एक्सपीमध्ये तीन डिस्क लागतात. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क घेतली तर एकीवर सुमारे पावणेदोन तास बसतात.

राहिल्या साध्या ऑडिओ कॅसेटी. त्या या यंत्रावर उतरवण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला आणि सोडून दिला. चित्राचा सिग्नल आला नाही की आमचे यंत्र मुद्रण थांबवते, म्हणून व्हिडिओ खोबणीत झाकण लावलेला कॅमेरा जोडून ठेवावा लागला, आणि मग तासभराच्या काळ्या पडद्यासाठी डिस्कचा बहुतांश भाग खर्ची पडला. पुढे तो आवाज मोबाइलवर किंवा सीडीवर हवा असेल तर डीव्हीडीच्या व्हीओबी फाइलमधून (जिच्यात चित्र आणि आवाज एकत्र असतात) संगणकावर वेगळा काढावा लागतो आणि सीडीसाठी ४८,००० चे ४४,१०० नमुने करावे लागतात. संगणक लागणारच असेल तर कॅसेट डेक थेट एका साध्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडावा. तेथे मीटर दिसते, पातळी हाताने ठेवता येते, आणि फाइल पहिल्याच फेरीत तयार होते. चित्रासह असलेल्या कॅसेटींसाठी मात्र मी अजूनही याच यंत्रावर अवलंबून आहे. दीड वर्षात ६३ पैकी ४१ कॅसेटी उतरल्या आहेत आणि एकदाही चित्र आणि ओठांची हालचाल मागेपुढे झालेली नाही. संगणकाला स्वस्त कॅप्चर पट्टी लावून केलेल्या आधीच्या प्रयत्नांत ते दर अर्ध्या तासाला होत असे.

कोणी असे यंत्र घ्यायला जाणार असेल तर दुकानात टीव्हीला जोडून सेटअपच्या मेनूत आवाजाच्या भागात जावे आणि एक्सपी मोडसाठी एलपीसीएमचा पर्याय आहे का, ते आधी पाहावे. काही स्वस्त यंत्रांत तो मुळीच नसतो. सोबत टाळ्या किंवा झांजा असलेली स्वतःची एक कॅसेट न्यावी, दहा मिनिटे मुद्रण करून ते फायनलाइज करवून घ्यावे आणि ती डिस्क घरच्या प्लेयरवर हेडफोन लावून ऐकेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.